मनोऱ्याबद्दलचं पाप

गप्प बसण्यात अमृतप्पा मास्तरचा काय काय फायदा होता ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढं कुणी त्याला उगाच भित्रा म्हणणार नाही. माणूस भित्रा नव्हता. हिशेबी होता.

कौठाळीत कॅथलिकांची घरं पंचवीस-तीस, सगळी वेशीबाहेर. फादर तोमासो शनिवारी दुपारी तट्टावर बसून यायचे, पापांच्या कबुल्या ऐकायचे, रविवारी सकाळी मिस्सेची उपासना करायचे आणि सोमवारी पुढच्या गावाला निघायचे. मधले दिवस फादरच्या जागी अमृतप्पा. मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणायला तोच, सासू-सुनांची भांडणं तोडायला तोच, पोरांना अक्षरं शिकवायलाही तोच. मातीच्या त्या लहानशा चर्चमध्ये सगळी मंडळी जमिनीवर बसत. अमृतप्पाला मात्र एक खुर्ची होती, जिचा एक हात तुटलेला असला तरी दुसरा शाबूत होता. फादरनं आपला जुना काळा कोट पुढच्या हिवाळ्यात त्याला देण्याचं कबूल केलं होतं. आणि सगळ्यांत जड कलम हे, की ज्या पाटलानं त्याच्या बापाला जन्मभर एकेरीत हाका मारल्या, तोच पाटील आता चावडीसमोर म्हणायचा, "या मास्तर."

हे सगळं फादरच्या मर्जीवर उभं. आता बोलण्यात काय मिळणार होतं? मन हलकं होणार होतं. हलकं मन थंडीत पांघरता येत नाही.

आता बोलायचं काय होतं, ते.

शाळा भरायची बसलिंगप्पाच्या ओसरीत. बसलिंगप्पा गावातला किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, तोंडात एकाच वेळी मराठी आणि कानडी. दोन वर्षांपूर्वी त्यानं ओसरी फुकट दिली ती एका अटीवर, की लवकरच शाळेची स्वतंत्र खोली बांधायची. म्हणून वस्तीतल्या बायकांनी दोन उन्हाळे खाणीतून दगड वाहिले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड, ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या पडीक तुकड्यावर टाकायचा. पुरुषांनीही वाहिले, पण त्यांचं बोलणं दगडांपेक्षा जास्त झालं. खोलीपुरता ढीग जमला आणि त्याच हिवाळ्यात बिदरच्या ठेसनावरून बैलगाडीत घालून एक घंटा आली. परदेशातल्या कुणा धर्मात्म्यानं पाठवलेली. म्हशीच्या रेडकाएवढी.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरनं पायाच्या बोटांकडं बघत जाहीर केलं, "शाळेसाठी जमवलेले दगड चर्चजवळ आणावेत. तिथे घंटेसाठी मनोरा उभा राहील."

मंडळी म्हणाली, "जी."

फादरनं काहीही सांगितलं तरी मंडळी "जी" म्हणायची. मग बायकांनी तेच दगड पुन्हा डोक्यावर घेतले आणि ओढा उलटा ओलांडला.

मनोऱ्याचा पाया खणायला घेतला त्याच दिवशी बसलिंगप्पानं अमृतप्पाला दुकानात बोलावलं.

"मास्तर, येळवशीचा सण झाला की माझी तूर घरात येतीय. ओसरी मोकळी लागतीय मला."

"अप्पा, अजून खोली न्हाई झाली."

"व्हय, दिसायलंय की मला. खोलीच्या जागी मनोरा व्हायलाय." बसलिंगप्पानं तराजूच्या पारड्यातली मिरची झटकली. "म्या तुमच्या धर्मात पडत न्हाई, मास्तर. पण तुरीला कुठला धर्म? तिला कोरडी जागा लागतीय."

ओसरी गेली म्हणजे शाळा गेली. वस्तीत दुसरं छप्पर असं नव्हतं की ज्याखाली पोरं बसतील आणि शेळ्याही मावतील. हे अमृतप्पाला कळत होतं. फादरला सांगावं असंही त्याला रोज सकाळी वाटे, आणि रोज संध्याकाळी त्याला पाटलाचं "या मास्तर" ऐकू येई.

एक बाई मात्र सोडायला तयार नव्हती. राजूबाई. चर्चमधलं नाव रोझा, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. नवरा मेलेला, पोरगी एकच, आणि ती ओसरीत बसून दुसरं पुस्तक वाचायला लागलेली. राजूबाईच्या सात पिढ्यांत कुणी पहिलंही वाचलं नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "दगड कुणाचे?"

"देवाचे, राजूअक्का."

"देवानं वाहिले का? हे बघ, डोक्यावर अजून चुंबळीचा खळगा हाय." तिनं पदर मागं सारून डोकं पुढं केलं. "फादरला सांग की, चुकायलंय म्हणून."

"फादरवर बोट ठिवायचं म्हंजे पाप हाय, अक्का. मनात आणलं तरी पाप."

"मनात आणलं तरी?"

"मनात आणलं तरी."

"मंग माझ्याकडून झालंच की." राजूबाई खाली बसली. "पाप झाल्यावर काय करायचं म्हणून शिकवलास तू?"

"कबुली द्यायची."

"कशी?"

"पुरती. काय केलं, किती येळा केलं, कामून केलं, सगळं. काय बी न लपवता."

"कामून केलं ते बी सांगायचं?"

"ते तर आधी."

राजूबाई उठली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की अमृतप्पाला वाटलं आपण धर्माची फार चांगली शिकवण दिली.

आमच्याकडं कबुलीची सोय साधी होती. चर्चच्या कोपऱ्यात बांबूचा एक तट्ट्या उभा केलेला. अलीकडं पाप करणारा गुडघ्यावर, पलीकडं स्टुलावर फादर. आत काय बोलणं झालं हे बाहेर कळतं कसं, असं कुणी विचारील. तर बंधन ऐकणाऱ्याला असतं, सांगणाऱ्याला नसतं. आणि राजूबाईनं आपली कबुली त्याच संध्याकाळी विहिरीवर, शब्दाला शब्द, सगळ्यांना ऐकवली.

"कोणते पाप घडले, माझ्या मुली?" फादरनं विचारलं होतं. फादर तिच्याहून पाच-सात वर्षांनी लहान होते, पण त्यांची मराठी पुस्तकातून आली होती आणि पुस्तकात तसंच होतं.

"फादरबद्दल मनात वाईट आणलं."

"कोणत्या फादरबद्दल?"

"आमच्याकडं येकच येतंय."

तट्ट्यापलीकडं स्टूल करकरलं.

"काय आणलेस मनात?"

"फादरला मनोऱ्याचं येड लागलंय. शाळेचे दगड पळविलेत. आमी बाया मेलाव वाहून वाहून, आन पोरं येळवशीनंतर उन्हात बसणार. आसं आणलं. रोज आणलं. दगड उचलताना येकदा, टाकताना येकदा."

"त्याचे तुला दुःख होते का?"

"लै होतंय. पोरीची शाळा सुटती म्हणून."

"मी पापाच्या दुःखाबद्दल विचारतो आहे."

"ते बी होतंय. पण ते मागून."

"पुन्हा असे करणार नाहीस ना?"

"शाळा झाली की न्हाई करणार."

फादरनं प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि तिला मोकळी केली.

विहिरीवरच्या बायकांना ही युक्ती पसंत पडली. उलट बोलणं नाही, तक्रार नाही, तोंड वर करणं नाही. गुडघ्यावर बसून, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून फादरच्या चुका फादरलाच सांगायच्या आणि वर क्षमा मागायची! याहून अदबीची रीत आणखी काय असणार? पुढच्या शनिवारी चर्चबाहेर रांग लागली. एवढी रांग नाताळलाही लागत नसे. फादर तट्टावरून उतरले, रांग बघितली आणि त्यांचा चेहरा फुलला. लोक पश्चात्तापाकडं वळले, असं त्यांना वाटलं असणार.

पहिल्या पाच-सहा कबुल्यांनंतर तो फुललेपणा राहिला नाही. सगळ्यांचं पाप एकच. हरिबा म्हणून म्हातारा होता, हलगी वाजवणारा, त्यानं जरा नवं पाप सांगितलं: "मनोरा पडावा असं वाटलं, फादर. पण कुणाच्या अंगावर न्हाई. रिकामाच पडावा." एक गडी तर मनात काहीच आलं नसताना आला. म्हणाला, "सगळ्यांचं ऐकून मुद्दाम आणलं, फादर. मागं राहू ने म्हणून." आधी फादर प्रत्येकाला तीन नमो मारिया देत होते, मग दोन, मग एक. शेवटच्या बायांना नुसतं म्हणाले, "जा बाई."

रविवारी मंडळी नटून आली. आता फादर काय जाहीर करतात याची सगळ्यांना खात्री होती.

मिस्सा संपली. फादर वळले. "मनोऱ्याचे काम उद्या पुढे चालू राहील," ते म्हणाले, आणि मग एकेका तोंडाकडं बघत, जवळजवळ विनवणी केल्यासारखं विचारलं, "कोणाला काही म्हणायचे आहे का?"

हरिबा उठला.

"म्हणलाव की, फादर."

"कधी?"

"कालच की."

"काल मला कोणी काही म्हणाले नाही."

हरिबानं मागं वळून बघितलं. आपण आलो होतो की नव्हतो याची त्याला स्वतःलाच शंका आली. राजूबाई पुढं सरकली.

"फादर, म्या नव्हते का आले मागल्या शनवारी? तट्ट्यापशी?"

"मला काही ठाऊक नाही, बाई."

"मला 'माझ्या मुली' म्हणलाव की तुमी!"

"मला," फादर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "काहीही ठाऊक नाही."

मंडळींच्या अंगावर शहारा आला. वेदीसमोर उभं राहून, मिस्सेचे कपडे अंगावर असताना, फादर धडधडीत खोटं बोलले! हे पाप तर मनोऱ्याहूनही मोठं. आणि खुर्चीत बसलेला अमृतप्पा सगळा वेळ खुर्चीच्या शाबूत हातावर नखानं रेघ ओढत होता, कारण वस्तीत एकट्या त्यालाच नेमकं काय झालंय ते माहीत होतं.

तिसऱ्या शनिवारी रांग आणखी लांब. आता पाप दुप्पट झालं होतं.

"फादर खोटं बोलतंय असं मनात आलं," राजूबाई म्हणाली.

"आणखी?" आतून बारीक आवाज.

"फादरला इसरायचा आजार झालाय, असं बी आलं. पण ते पाप न्हाई. ती काळजी हाय."

त्या संध्याकाळी फादरनं भाकरी खाल्ली नाही. ताटाशी बसून राहिले. वाढायला अमृतप्पा होता.

"अमृतप्पा," फादर म्हणाले, "तुम्हाला मला काही सांगायचे आहे का?"

"न्हाई, फादर."

"विचार करून सांगा."

"काय बी न्हाई."

"मनोऱ्याबद्दल? शाळेबद्दल? कशाहीबद्दल?"

अमृतप्पानं खरोखर विचार केला. "जवारी बरी हाय यंदा," तो म्हणाला.

फादरनं त्याच्याकडं बघितलं ते विहिरीत पडलेल्या माणसानं काठावरच्या माणसाकडं बघावं तसं, आणि काठावरच्यानं दोर हातात असून बिडी पेटवावी, तसा अमृतप्पा आणखी एक भाकरी आणायला निघून गेला.

सोमवारी राजूबाईनं त्याला गाठलं ते ऐन बसलिंगप्पाच्या ओसरीत, पोरं पाढे म्हणत असताना.

"मास्तर, खरं सांग. फादर बहिरं झालंय का लबाड झालंय?"

अमृतप्पानं इकडंतिकडं बघितलं. बसलिंगप्पा दुकानातून कान देऊन होता. पोरं पाढे थांबवून ऐकायला लागली.

"दोन्ही न्हाई," अमृतप्पा हळूच म्हणाला. "कबुलीत ऐकलेलं फादरला पोटात ठिवावं लागतंय, अक्का. बाहेर काढायचं न्हाई. त्याच्यावरून काय करायचं न्हाई, काय थांबवायचं न्हाई, तोंड बी वाकडं करायचं न्हाई. मान कापली तरी न्हाई. तट्ट्याच्या भाईर आलं की त्येनं काय ऐकलंच न्हाई."

राजूबाईनं बोटांवर शनिवार मोजले. बसलिंगप्पाला मात्र यात व्यापार दिसला.

"म्हंजे माल आत जातोय, बाहेर येतच न्हाई?" तो म्हणाला. "असलं दुकान म्या आळंद-कडगंचीपर्यंत बघितलं न्हाई, मास्तर."

"आन हे तुला ठावं होतं?" राजूबाईचा आवाज चढला. "समदी वस्ती दोन शनवार गुडघे झिजवायली, आन तू खुर्चीत बसून बघायलास?"

"मला कुणी इचारलं न्हाई."

"गप बसलास ते बी पापच की."

"व्हय."

"त्येची कबुली दिलास?"

अमृतप्पानं मान खाली घातली. "दिलो की. मागल्या शनवारी."

राजूबाई आधी चिडली, मग तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती खांबाला टेकली. "म्हंजे मास्तर गप हाय, हे बी फादरच्या पोटातच! म्हणून त्ये बिचारं भाकरी खात न्हाई. पोटात जागाच कुठं ऱ्हायली?"

मग ती हसायची थांबली.

"आता तट्ट्याबाहेर सांगायचं. उजेडात, चार माणसांत. आन ते तू सांगायचं."

"म्याच कामून?"

"आमी सांगितलाव तर बाया बडबडायल्यात म्हणतील. तू त्येचा माणूस हाईस. तुझ्या पोटचं कुणी ओसरीत बसतंय का न्हाई, ते म्या इचारत न्हाई. माझी पोरगी बसती. तिचं दुसरं पुस्तक अर्धं झालंय. अर्ध्यावर तिला शेण गोळा करायला धाडू का, येवढं सांग."

अमृतप्पानं पोरीकडं बघितलं. पोरीनं पुस्तकाकडं बघितलं. बसलिंगप्पा दुकानातून म्हणाला, "येळवशीला फादरला माझ्या शेतात जेवायला बोलवितो. भज्जीला न्हाई म्हणणारा माणूस आजून जन्मला न्हाई. पुढचं तुमचं तुमी बघा. मला ओसरी पायजे."

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळं गाव शेतात. बसलिंगप्पाच्या शेतात कडब्याची खोप उभारली होती, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडलेले. वेशीबाहेरची कॅथलिक मंडळीही दरवर्षी येत. फादरचा नियम एवढाच, की पूजा होईपर्यंत लांब बाभळीखाली उभं राहायचं. मंडळी नियम कसोशीनं पाळत आणि नारळ फुटल्याचा आवाज आला की एकदमच पंगतीला येत.

फादर उकिडवे बसून भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची येळवशीची भाजी, आणि बाजरीचे उंडे खात होते. समोर आंबिलीचं मडकं. राजूबाईनं अमृतप्पाला मागून कोपरानं ढोसलं. तो उठला, डोक्याचा पटका काढला, हातात धरला, फादरच्या पुढ्यात आला.

"फादर, बोलायचं हाय. आधी पाया पडतो, मंग बोलतो, मंग परत पाया पडतो. मधलं तेवढं ऐकून घ्या."

पाया पडला. उठला. पंगतीतले हात थांबले.

"तुमचं चुकायलंय," तो एकदम म्हणाला, आणि आपल्याच आवाजाला दचकला. "तुमी आमाला माणसात आणलाव. तुमच्यामुळं लोक मला मास्तर म्हणत्यात. म्हणून सांगायलोय. बायांनी दगड वाहिले ते शाळा म्हणून वाहिले. मनोरा म्हणून मागितले असते तर कदाचित दिले बी असते, पण तुमी मागितले न्हाईत, सांगितलाव. घंटा वाजली तर आमी मिस्सेला येतो, न वाजली तरी येतो. पोरं मात्र जागा नसंल तर येणार न्हाईत. उद्या ओसरी जायलीय. शाळा मोडली तर ती माझ्या हातानं मोडली असं होईल, कारण म्या गप बसलो. झालं. आता पाया पडतो."

तो वाकला तो वाकलेलाच राहिला. फादरनं डोळे मिटले होते. सगळ्यांना वाटलं, आता राग येणार.

"पुन्हा सांगा," फादर म्हणाले.

"चुकलं, फादर."

"नाही, नाही! पुन्हा सांगा. मोठ्याने. सगळ्यांसमोर. इथे, बाहेर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "बहोत अच्छा! मी ऐकले. आता मी ऐकले!" आणि त्यांनी आंबिलीचं भांडं उचलून एका दमात रिकामं केलं.

भांडं खाली ठेवल्यावर मात्र ते गंभीर झाले.

"आता माझेही ऐका. मनोरा माझा नाही. बिशपसाहेबांचा हुकूम आहे. ते पुढच्या महिन्यात येणार, घंटा उंचावर दिसली पाहिजे. मलाही ते पटले नव्हते."

"मंग तुमी त्यांना म्हणलाव का?" राजूबाईनं विचारलं.

"म्हणालो."

"कुठं?"

फादर रिकाम्या भांड्यात बघत राहिले. "शेजारच्या मुक्कामाच्या फादरांपाशी," ते म्हणाले. "कबुलीत."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हरिबाच्या पोटातून एक खोल हसू वर आलं, आणि पाठोपाठ सगळं शेत हसायला लागलं. बसलिंगप्पाला ठसका लागला.

"पर फादर," राजूबाई म्हणाली, "आमाला ठावं नव्हतं, ते कुठं जात न्हाई म्हणून. तुमाला तर ठावं होतं?"

"ठाऊक होते," फादर म्हणाले. "म्हणूनच तिथे सांगितले."

यावर कुणी हसलं नाही. अमृतप्पानं पटका डोक्याला बांधला आणि फादरशेजारी जेवायला बसला. फादरनं मनोऱ्याचं काम तिथंच थांबवलं; पण दगड हलवायचे तर बिशपसाहेबांना विचारूनच, असं त्यांनी सांगितलं. शाळा तोवर ओसरीतच भरत राहिली, बसलिंगप्पाची तूर अंगणात पडून राहिली आणि तो रोज आभाळाकडं बघून कानडीत काहीतरी पुटपुटत राहिला.

बिशपसाहेब आले ते औरादपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं. थोराड माणूस, पांढरी दाढी, गुडघे दुखणारे. धर्मविधीप्रमाणे पोरांच्या कपाळाला पवित्र तेल लावून झालं, गाणी झाली, आणि मग त्यांनी घंटा कुठं आहे म्हणून विचारलं. घंटा अर्धवट मनोऱ्याच्या कमरेएवढ्या चौथऱ्याशेजारी गवतावर ठेवलेली होती. तिच्यावर कोंबडी बसली होती.

फादर तोमासो पुढं झाले. गुडघ्यावर बसून त्यांनी बिशपसाहेबांच्या अंगठीचं चुंबन घेतलं. उठले. आपल्या भाषेत बोलायला लागले. आवाज आधी कापत होता, मग कापायचा थांबला. हातानं त्यांनी ओढ्यापलीकडचा पडीक तुकडा दाखवला, बायकांकडं दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग पुन्हा गुडघ्यावर बसून अंगठीचं चुंबन घेतलं.

"मास्तर," हरिबा अमृतप्पाच्या कानात म्हणाला, "तुझ्यावानीच केलं की. येक अक्षर कळलं न्हाई, पर समदं कळलं."

बिशपसाहेबांचा चेहरा तांबडा झाला होता. ते मंडळींकडं वळले. त्यांना मराठी येत नव्हती. शहरात राहून उर्दू आली होती.

"आप लोगां क्या बोलते?"

सगळ्यांनी राजूबाईकडं बघितलं. ती पुढं आली, वाकून नमस्कार केला.

"बोलते, साहेब. पण आधी येवढं सांगा, हे कबुलीत धरायचं का बाहेर?"

फादरनं भाषांतर करताना मान खाली घातली होती. बिशपसाहेबांनी आधी फादरकडं बघितलं, मग अमृतप्पाकडं, मग रांगेतल्या सगळ्या तोंडांकडं. त्यांना सगळं कळलं असेल असं नाही, पण पुरेसं कळलं. दाढी हलायला लागली. हसू दाबता येईना तेव्हा त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"बाहर," ते म्हणाले.

"मंग ऐका. घंटा लै चांगली हाय. तिच्यावर कायतरी लिवलंय. काय लिवलंय ते हितं कुणाला वाचता येत न्हाई. शाळा झाली तर माझी पोरगी कधीतरी वाचंल. मनोऱ्यावर चढविलाव तर वाचता येणारं बी कुणाला दिसायचं न्हाई."

बिशपसाहेबांनी कोंबडीला हुसकून घंटेवरची अक्षरं वाचली. लिहिलेलं लॅटिनमध्ये होतं, आणि ते कौठाळीच्या शाळेत कधीच शिकवलं जाणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, आणि राजूबाईला माहीत नव्हतं. त्यांनी ते तिला सांगितलं नाही. झाला तेवढा चौथरा पुरे, म्हणाले. त्यावर सागाच्या दोन बल्ल्या रोवून घंटा टांगावी, आणि राहिलेले दगड शाळेला जावेत.

फाल्गुनात शाळेवर छप्पर चढलं. आता त्याची किंमत कुणी काय भरली, ते बघू.

बिशपसाहेबांनी काही भरलं नाही. शाळेच्या दारावरच्या दगडात त्यांचं नाव कोरलं, आणि ज्यांनी कोरलं त्यांना शाळा बिशपसाहेबांमुळंच झाली असं खरंच मनापासून वाटत होतं. बसलिंगप्पाची तीन पोती तूर दवानं काळी पडली. ती त्यानं जरा स्वस्तात, चर्चच्याच मंडळींना विकली, म्हणजे ते नुकसानही शेवटी वेशीबाहेरच आलं. फादर तोमासोंना ईस्टरनंतर हुकूम आला. त्यात त्यांच्या स्पष्टवक्तेपणाची तारीफ होती आणि भीमेपलीकडच्या एका मुक्कामाचं नाव होतं, जिथं ना शाळा, ना घंटा, ना त्यांना येणारी भाषा. ते हसत गेले. तट्टू मात्र नाखुशीनं गेलं. नवे फादर आपला उपदेशक बरोबर घेऊन आले, तेव्हा अमृतप्पाकडं नुसती शाळा राहिली. ती त्यानं पुढं खूप वर्षं चालवली.

आणि दगड. ते काही बिशपसाहेबांच्या हुकमानं आपोआप चालत ओढ्यापलीकडं गेले नाहीत. चर्चपासून पडीक तुकड्यापर्यंत ते पुन्हा राजूबाई आणि वस्तीतल्या बायकांनीच नेले. तेच दगड, त्याच डोक्यांवरून, तिसऱ्यांदा. त्याचं त्यांना कुणी काही दिलं नाही, आणि त्यांनीही कुणाला मागितलं नाही.